झिजलेल्या नाण्याच्या बाजूने

आपल्या बोलण्यात ‘दाम’ हा शब्द किती सहज येतो! ‘दाम करी काम’ असे आपण म्हणतो, खिशात छदामही नसल्याची तक्रार महिनाअखेरीस करतो. पण तसे म्हणताना आपण एका ग्रीक नाण्याचे नाव घेत असतो, हे सहसा ध्यानी येत नाही. ग्रीकांच्या ‘द्राख्मा’ या चांदीच्या नाण्यावरून आपल्याकडे ‘द्रम्म’ हा शब्द आला, शिलाहारांच्या काळातील लेखांतून तो वावरला आणि पुढे झिजत झिजत ‘दाम’ होऊन आपल्या ओठांवर बसला. शब्द झिजला म्हणून तो हलका ठरला, असे भाषाशास्त्राचे कोणतेही प्राध्यापक म्हणणार नाहीत. तो शतकानुशतके माणसांच्या तोंडी राहिला याचा पुरावा म्हणजेच ती झीज. ज्या नाण्यावरून हा शब्द आला, त्या नाण्याला मात्र आपण हा न्याय लावत नाही. तेथे झिजलेले ते कमअस्सल आणि कोरे ते मौल्यवान!

प्राचीन ग्रीक नाणी जमवण्याचा छंद पाश्चात्य देशांत फार जुना आहे. एके काळी तो राजेरजवाड्यांचा होता. पुढे तो डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्यापर्यंत आला आणि आता लिलावांच्या सूचींमधून आपल्याकडच्या हौशी मंडळींनाही खुणावू लागला आहे. या सूची चाळल्या म्हणजे एक गोष्ट ठळकपणे दिसते. नाणे कोणत्या नगराचे, कोणत्या शतकाचे हे सांगितलेले असतेच. पण किंमत पुष्कळदा ठरते ती नाण्याच्या ‘अवस्थे’वर. ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ आणि सर्वांच्या वर, जणू आज सकाळीच टांकसाळीतून बाहेर पडलेले ‘मिंट स्टेट’, अशा पायऱ्या ठरून गेल्या आहेत. एकाच ठशाची दोन नाणी असावीत, एक हाताळून गुळगुळीत झालेले आणि दुसरे लखलखीत. तर दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या कित्येक पट होते.

मला येथे जे मांडायचे आहे ते थोडक्यात असे. नाणे किती कोरे आहे हा प्रश्न दुसरा. ते कोठे सापडले आणि कोणत्या सोबत्यांबरोबर सापडले, हा पहिला. हा क्रम उलटा केल्यामुळे सौंदर्याच्या नावाखाली इतिहासाची मोडतोड चालली आहे, आणि ती मोडतोड पैसे मोजून करवून घेणारा माणूस स्वतःला इतिहासाचा प्रेमी समजतो, हे मला खटकते.

प्रथम दुसऱ्या पक्षाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकाच्या अखेरीस सिसिलीतील सिराक्यूज नगराने दहा द्राख्मांची जी मोठी नाणी पाडली, ती डोळ्यांसमोर आणा. वजन सुमारे ४३ ग्रॅम. एका बाजूला धावत्या चार घोड्यांचा रथ आणि वरून सारथ्याला मुकुट घालायला झेपावणारी विजयदेवता. दुसऱ्या बाजूला एका देवतेचे मुख आणि भोवती पोहणारे डॉल्फिन मासे. किमोन आणि युआइनेटोस या कारागिरांनी हे ठसे कोरले. त्यांची नावे आपल्याला कशी कळली? देवतेच्या केसांच्या पट्टीवर किंवा मानेच्या खाली त्यांनी अगदी बारीक अक्षरांत आपली सही केली आहे म्हणून! ती अक्षरे झिजलेल्या नाण्यावर प्रथम पुसली जातात. उत्तम अवस्थेतली नाणी कोणी जपून ठेवली नसती, तर जगातील थोर शिल्पकारांपैकी दोघे आपल्याला अनामिक राहिले असते. जुन्या संग्राहकांनी असंख्य नाणी सोनाराच्या मुशीतून वाचवली आणि मोठमोठ्या संग्रहालयांतील नाण्यांच्या कपाटांचा पाया खाजगी संग्रहांनीच घातला, हेही खरे आहे. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण नाणे ही निव्वळ शिल्पाकृती नव्हे. मूर्ती गाभाऱ्यात बसण्यासाठी घडवतात. नाणे बाजारात फिरण्यासाठी पाडतात. अथेन्सच्या सुप्रसिद्ध घुबडाचेच उदाहरण घेऊ. चार द्राख्मांचे, सुमारे १७ ग्रॅम वजनाचे हे चांदीचे नाणे. पुढच्या बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना देवी, मागे तिचे घुबड, ऑलिव्हची डहाळी, चंद्राची कोर आणि नगराच्या नावाची पहिली तीन अक्षरे. आपल्याकडे घुबड अशुभ, तर अथेन्सकरांना ते देवीचे वाहन नसले तरी तिचे लाडके पाखरू. ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावरही हेच घुबड बसलेले आहे.

या घुबडाची चांदी आली ती अथेन्सजवळच्या लॉरिऑनच्या खाणींतून. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास तेथे चांदीचा मोठा साठा लागला. ही चांदी नागरिकांत वाटून टाकावी असा विचार चालला असता थेमिस्टोक्लीसने लोकांचे मन वळवले आणि त्या पैशांतून युद्धनौका बांधवून घेतल्या. इ.स.पू. ४८० मध्ये सलामिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमाराचा पराभव झाला तो या नौकांच्या बळावर. पाचव्या शतकाच्या अखेरीस एरेक्थेइऑन मंदिराचे काम चालले असताना कारागिराला दिवसाला एक द्राख्मा मजुरी मिळे, असे दगडावर कोरलेल्या हिशेबांवरून दिसते. म्हणजे एक घुबड ही चार दिवसांची कमाई. आणि ज्या खाणींतून ही चांदी निघे, तेथे राबणाऱ्या गुलामांचा भाव काय होता? झेनोफॉनने नोंदवले आहे की निकियास या श्रीमंत अथेन्सकराने आपले १,००० गुलाम खाणीत भाड्याने लावले होते, माणशी दिवसाला एक ओबोल या दराने. ओबोल म्हणजे द्राख्म्याचा सहावा हिस्सा, आणि तोही गुलामाला नव्हे, मालकाला! पुढे इ.स.पू. ४१३ मध्ये स्पार्टाने डेकेलिआचे ठाणे बळकावले तेव्हा २०,००० हून अधिक गुलाम पळून गेले, असे थ्युसिडिडीस सांगतो.

हा सगळा इतिहास नाण्याच्या चकाकीत दिसत नाही. तो नाण्याच्या फिरण्यात आहे. घुबड मजुराच्या मुठीतून मासळीवालीच्या पाटीत, तेथून सराफाच्या मेजावर, तेथून जहाजाच्या तांडेलाकडे आणि इजिप्त-सीरियापर्यंत गेले. प्रत्येक हाताने त्याची थोडी चांदी नेली आणि प्रत्येक हाताची खूण त्यावर राहिली. आपल्या जुन्या बाजारात झिजलेल्या रुपयाला बट्टा लागे, कारण सराफाला चांदीच्या वजनाशी मतलब होता. संग्राहकाला तर वजनाने चांदी विकत घ्यायची नाही. मग त्याने सराफाचा बट्टा का लावावा?

यापुढची खूण आहे छिन्नीच्या घावाची. अनेक घुबडांच्या डोक्यावर किंवा अथीनेच्या गालावर खोल घाव असतो. सूचीत अशा नाण्याखाली ‘घाव आहे’ असे दिलगिरीच्या सुरात छापतात आणि किंमत खाली येते. हा घाव कोणी घातला? नाणे आतून तांब्याचे तर नाही ना, हे पाहण्यासाठी एखाद्या व्यापाऱ्याने किंवा पारख्याने. अथेन्समध्ये यासाठी सरकारी पारखी नेमलेला असे. इ.स.पू. ३७५-७४ चा या विषयीचा कायदा कोरलेली शिळा अथेन्सच्या अगोरात, म्हणजे बाजारचौकात, १९७० साली उत्खननात सापडली. हा पारखी सार्वजनिक गुलाम असे. तो सराफांच्या मेजांमध्ये बसे. आत तांबे किंवा शिसे असलेले खोटे नाणे आले तर ते तत्काळ कापून देवमातेच्या मंदिरात जमा करायचे, आणि त्याने खरे ठरवलेले नाणे जो दुकानदार नाकारील त्याचा त्या दिवसाचा माल जप्त व्हायचा. पारखी आपल्या जागेवर बसला नाही तर त्याला ५० फटके! आपल्या पेशवाईतल्या पोतदाराची आठवण व्हावी असा हा माणूस. सबंध नगराचा विश्वास ज्याच्या नजरेवर उभा होता, तो स्वतः गुलाम होता. घाव असलेले नाणे हातात घेतले की मला हा अविश्वास आणि त्यावर माणसांनी काढलेला तोडगा, दोन्ही दिसतात. कोऱ्या नाण्यावर ते दिसत नाही, कारण त्याला कोणी तपासलेच नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. चोवीसशे वर्षांपूर्वीचे नाणे कोरे राहतेच कसे? पाडल्यानंतर लवकरच कोणी तरी ते पुरून ठेवले म्हणून. युद्ध आले, चोरांचे भय वाटले, प्रवासाला निघायचे होते, म्हणून कोणी माठात किंवा थैलीत नाणी भरून जमिनीत पुरली. बहुतेक लोक परत येऊन आपला ठेवा काढून घेत असणार. आपल्याला सापडतो तो बहुधा परत येऊ न शकलेल्याचा. तेव्हा ‘अप्रतिम अवस्था’ या दोन शब्दांमागे पुष्कळदा एका माणसाचे न परतणे दडलेले असते.

अशा ठेव्यात कोरी आणि झिजलेली नाणी एकत्र असतात, आणि ती एकत्र असण्यालाच सारी किंमत आहे. हे जरा स्पष्ट करतो. ग्रीक नगरांच्या नाण्यांवर साल घातलेले सहसा नसते. मग काळ ठरवायचा कसा? एका ठेव्यातील जे नाणे अधिक झिजले ते अधिक दिवस फिरले, म्हणजे सामान्यतः आधीचे. जे कोरे ते शेवटी आलेले. सर्वांत कोरे नाणे ठेवा केव्हा पुरला ते सुचवते, आणि झिजलेली नाणी त्यामागचा क्रम लावून देतात. कोणत्या नगराची किती नाणी आहेत यावरून व्यापाराची वाट कळते. एकाच ठशाची किती आहेत यावरून टांकसाळीचा उद्योग कळतो. म्हणजे कोरे नाणे बोलते ते झिजलेल्याच्या संगतीत. बाजार मात्र नेमकी हीच जोडी फोडतो. ठेवा सापडला की कोरी नाणी एका वाटेने दूरच्या लिलावात जातात, झिजलेली दुसऱ्या वाटेने स्वस्त ढिगात जातात किंवा वितळवली जातात, आणि माठाच्या खापऱ्या तेथेच फेकून देतात. उरते काय? सुंदर पण मुकी चांदी.

हे कल्पनेने बोलत नाही. इजिप्तमधील असियूत येथे १९६९ साली सुमारे ९०० फार जुन्या ग्रीक नाण्यांचा ठेवा निघाला. ग्रीक जगाच्या नाना कोपऱ्यांतील ही नाणी, बऱ्याच नाण्यांवर छिन्नीचे घाव. म्हणजे इजिप्तमध्ये ती नाणी म्हणून नव्हे, तर चांदी म्हणून वजनावर चालत होती. हा ठेवा बघता बघता जगभरच्या व्यापाऱ्यांत वाटला गेला. मार्टिन प्राइस आणि नॅन्सी वॅगनर या अभ्यासकांनी एकेका नाण्याचा माग काढत ८७३ नाण्यांची यादी जुळवली आणि १९७५ साली ती प्रसिद्ध केली. त्यांच्या चिकाटीला प्रणामच केला पाहिजे. पण जे काम जागेवर काही दिवसांत झाले असते त्यासाठी विद्वानांची वर्षे खर्ची पडली, हेही विसरता येत नाही.

तुर्कस्तानातील एल्माली गावाजवळ १९८४ साली सुमारे १,९०० चांदीच्या नाण्यांचा ठेवा धातुशोधक यंत्राने उकरून काढण्यात आला. त्यात अथेन्सची दहा द्राख्मांची दुर्मीळ नाणी डझनाहून अधिक होती. त्याआधी साऱ्या जगात मिळून अशी जवळजवळ तितकीच नाणी ठाऊक होती. ठेव्याचा मोठा भाग चोरट्या मार्गाने देशाबाहेर गेला आणि अमेरिकेतील धनिकांच्या एका गटाने तो विकत घेतला. तुर्की सरकारने दावा लावला, तो दहा वर्षे चालला आणि अखेर १९९९ साली नाणी मायदेशी परत गेली. नाणी परतली हे चांगलेच झाले. परंतु ती कशी ठेवलेली होती, भोवती काय होते, जवळ वस्ती होती की नुसते रान, हे सांगणारी माती परत आली नाही. ती परत येऊच शकत नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. अफगाणिस्तानातील आय खानुम या ग्रीक नगराच्या उत्खननात फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना १९७० साली एका भांड्यात ६८३ नाणी मिळाली. त्यांपैकी ६७७ आपल्याकडची आहत नाणी होती आणि अवघी सहा ॲगॅथोक्लीस या ग्रीक राजाची चांदीची द्राख्मे. या सहा नाण्यांवर एका बाजूला नांगर घेतलेला संकर्षण आणि दुसऱ्या बाजूला चक्र घेतलेला वासुदेव आहे, लेख ग्रीक आणि ब्राह्मी अशा दोन लिप्यांत आहेत! इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात एका ग्रीक राजाने बलराम-कृष्णांना आपल्या नाण्यावर आणले. ही सहा नाणी एखाद्या लिलावात अचानक अवतरली असती, तर पुष्कळांनी ती बनावट म्हणून बाजूला सारली असती, असे मला वाटते. ती निःशंकपणे स्वीकारली गेली, कारण ती जागेवर, सोबत्यांसह सापडली. त्याच देशात मीर झका येथे १९९० नंतरच्या दशकात लाखो नाण्यांचा प्रचंड साठा निघाला आणि पोत्यांनी भरून पेशावरच्या बाजारात गेला. सहा नाण्यांनी जेवढे सांगितले, तेवढे त्या लाखो नाण्यांना सांगता आले नाही.

कोरेपणाच्या हव्यासाचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो संग्राहकाच्याच खिशाशी संबंधित आहे. लोक जे मागतात ते बाजार पुरवतो. नसेल तर बनवून पुरवतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल विल्हेल्म बेकर नावाच्या जर्मन गृहस्थाने प्राचीन नाण्यांचे ठसे स्वतः कोरून इतकी सुबक नाणी पाडली की भलेभले फसले. नवी नाणी फार नवी दिसू नयेत म्हणून लोखंडाच्या किसात आणि चरबीत घालून ती डबी तो आपल्या घोडागाडीला बांधी आणि फिरवून आणी, असे सांगतात. जानेवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाणेमेळ्यात एका नामवंत शल्यविशारद संग्राहकाला अटक झाली. सिसिलीतून नुकतीच बेकायदा बाहेर आलेली अतिशय मौल्यवान ग्रीक नाणी आपल्याजवळ आहेत, अशी त्याची स्वतःची समजूत होती. तपासणीत ती तिन्ही नाणी आधुनिक बनावट निघाली! ज्या नाण्याचा जन्म कोणाला ठाऊक नाही आणि ज्याचा प्रवास कोणी विचारत नाही, त्याच्या खरेपणाची शेवटची साक्ष केवळ त्याचे रूप. रूपावर भाळणाऱ्याची फसगत व्हावी यात नवल ते काय?

तरीही मोजमापाचा सोस वाढतोच आहे. १९४९ साली विल्यम शेल्डन याने अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी एक ते सत्तर अशी गुणांची पट्टी सुचवली. ती त्या नाण्यांपुरती ठीक होती. पुढे नाण्यांना गुण देऊन प्लॅस्टिकच्या बंद डबीत सील करण्याचा व्यवसायच उभा राहिला आणि २००८ पासून प्राचीन नाणीही अशा डब्यांत जाऊ लागली. तेथे ग्रीक नाण्याला अवस्थेची श्रेणी मिळते, शिवाय ठसा किती नीट उठला आणि पृष्ठभाग कसा आहे याचे पाचांपैकी गुण मिळतात. परीक्षा कितीही काटेकोर असो, मला हे पाहून आपल्या गुणपत्रिकांचीच आठवण होते. ग्रीक नाणे यंत्राने पाडलेले नव्हते. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर तापवलेली चांदीची चकती, वर दुसरा ठसा आणि घणाचा घाव. चकती जरा सरकली की अथीनेच्या शिरस्त्राणाचा तुरा नाण्याबाहेर जाई. हा हाताचा स्वभाव आहे. त्याला उणे गुण देणे म्हणजे भाकरी गोल नाही म्हणून सुगरणीला नापास करणे होय. आणि डबीतले नाणे हातात घेता येत नाही, त्याची कड नीट पाहता येत नाही. नाणे खणखणीत आहे की नाही हे वाजवून पाहण्याची आपली साधी रीत. ती तर मुळीच चालत नाही.

आपल्या महाराष्ट्राकडे वळण्याचे येथे खरे कारण आहे. ग्रीकांच्या द्राख्म्याचा वारसा घेऊन पश्चिम भारतातील क्षत्रपांनी चांदीची लहान नाणी पाडली. नहपानाच्या नाण्यावर त्याच्या मुखाभोवती ग्रीक अक्षरांत लेख आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा ठेवा सापडला. त्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या गालावर, नाकावर, ग्रीक अक्षरांवर सातवाहनांची चिन्हे उमटली आहेत. अवस्थेच्या पट्टीने मोजले तर ही नाणी विद्रूप ठरतील. पण क्षहरातांचा उच्छेद केल्याचा नाशिकच्या लेण्यातील शिलालेखाचा दावा पोकळ बढाई नव्हता, हे या विद्रूप नाण्यांनीच सिद्ध केले. आणि ते सिद्ध झाले कारण नाणी हजारोंनी, एकत्र, एका ठिकाणी सापडली. त्यांतले एखादे स्वच्छ, न बिघडलेले नहपानाचे नाणे निवडून कोणी दूर नेले असते, तर त्याच्या हाती एक राजा लागला असता. पण त्या राजाचा पराभव हातून निसटला असता.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की सरकारी संग्रहालयांत तरी काय दिवे लावले जातात? नाणी कपाटांत धूळ खात पडतात, विद्यार्थ्याला ती दिसतही नाहीत. त्यापेक्षा जाणकार संग्राहकाच्या घरी ती जपली जातात. यात तथ्य आहे. परंतु संग्रहालय सुस्त आहे याचा उपाय संग्रहालय जागे करणे हा आहे, ठेवा फोडणे हा नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या गरीब शेतकऱ्याच्या नांगराला माठ लागतो, त्याला इतिहासाचे काय? कायदा त्याच्याकडून सारे काढून घेतो, व्यापारी निदान चार पैसे देतो. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच नुसत्या बंदीने भागेल असे मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्याने ठेवा कळवणे बंधनकारक केले. संग्रहालयाने तो घेतला तर शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला बाजारभावाने मोबदला मिळतो. आपल्याकडचा भारतीय निखात निधी कायदा १८७८ चा आहे. सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा असे तो सांगतो. पण कळवणाऱ्याला त्याचा लाभ लवकर आणि सन्मानाने मिळेल, हा भरवसा गावापर्यंत पोहोचला पाहिजे. तो नसेल तर माठ रातोरात फुटणारच.

मग नाणी जमवूच नयेत काय? तसे मी म्हणणार नाही. आपल्या महाविद्यालयातही हा छंद असलेले मित्र आहेत, आणि हा छंद इतिहासाच्या दारापर्यंत नेणारा आहे यात शंका नाही. माझे म्हणणे इतकेच की खरेदीपूर्वी चार प्रश्न या क्रमाने विचारावेत. हे नाणे कोठे सापडले? कोणाबरोबर सापडले? ते येथवर कोणाकोणाच्या हातून आले आणि त्याचा लेखी आधार आहे काय? आणि सर्वांत शेवटी, ते दिसते कसे? पहिल्या तीन प्रश्नांना विक्रेत्याजवळ उत्तर नसेल, तर चौथ्याचे उत्तर कितीही मोहक असो, हात मागे घ्यावा. एका विद्यार्थ्याने हात मागे घेतल्याने लिलाव थांबणार नाहीत, हे मलाही कळते. पण मागणी हीही अशाच एकेका हाताची बनलेली असते.

ज्याला किमोनच्या ठशाचे सौंदर्य पाहायचे आहे त्याने ते अवश्य पाहावे. ब्रिटिश म्युझियम आणि न्यूयॉर्कची अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी यांनी आपल्या संग्रहांची छायाचित्रे संगणकावर सर्वांना खुली केली आहेत. एके काळी राजांनाही न दिसलेली नाणी आज ग्रंथालयात बसून पाहता येतात. आणि आपल्या विभागाने जिल्ह्यात सापडलेल्या ठेव्यांची एक साधी नोंदवही सुरू केली, गाव, शेत, साल, नाण्यांची संख्या, भांडे कशाचे होते, एवढेच जरी लिहिले, तरी मिंट स्टेटच्या एका घुबडापेक्षा ती वही इतिहासाच्या अधिक कामी येईल. ती लिहायला चांदी लागत नाही. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायला लागते, आणि ती माणसे अजून आहेत तोवरच.